मोटारीच्या आतील प्लॅस्टिकच्या भागांतील फटी: कोठे काय भरावे आणि कोठे काहीच भरू नये?

धागालेखक

माझ्याकडे असलेल्या जुन्या मोटारीचा आतला भाग मी सध्या सावकाश सोडवून दुरुस्त करीत आहे. इंजिन आणि पत्रा उत्तम आहे, परंतु आतील प्लॅस्टिकमध्ये चार ठिकाणी चार वेगवेगळ्या प्रकारच्या फटी आहेत. या प्रत्येक फटीसाठी वेगळे साहित्य लागेल असे मला आता वाटू लागल्यामुळे हा धागा काढत आहे.

पहिली जागा म्हणजे गिअरच्या पुढचा कॉन्सोल. तेथे पूर्वीच्या मालकाने एखादे जास्तीचे उपकरण बसवले असावे. ते काढल्यावर अंगठा जाईल एवढे गोल भोक आणि त्याच्या कडेपासून निघालेली बारीक चीर मागे राहिली आहे. दुसरी जागा डोअर पॅडचा खालचा कप्पा. त्याच्या कोपऱ्यात तडा गेला असून दाबले की तो उघडतो आणि सोडले की मिटतो. तिसरी जागा डॅशबोर्डचे टोक आणि समोरच्या काचेशेजारच्या खांबाचे आवरण यांच्यामधील सांधा. डाव्या बाजूला तो उजव्यापेक्षा स्पष्टपणे रुंद दिसतो आणि खराब रस्त्यावर तेथून करकर ऐकू येते. चौथी जागा डॅशबोर्डच्या वरच्या मऊ आवरणाला काचेच्या बाजूने पडलेली भेग, जिच्या कडा वर वळलेल्या आहेत.

भाग उलटे करून पाहिले तेव्हा कॉन्सोलच्या मागे कोनी कंसांत ‘एबीएस’ असे उठावाचे अक्षर सापडले, तर डोअर पॅडच्या मागे ‘पीपी’, त्यापुढे अधिक चिन्ह, ‘ईपीडीएम’ आणि शेवटी ‘टीडी२०’ असे लिहिलेले आहे. कॉन्सोलच्या भोकात बॉडी फिलर म्हणजे पत्र्याला भरतात ती लांबी भरावी, सांध्यात सिलिकॉन सोडावे आणि कप्प्याचा तडा इपॉक्सीने जोडावा, अशी माझी प्राथमिक कल्पना होती. साहित्य आणण्यापूर्वी जाणकारांचे मत हवे आहे. काम दिसायला चांगले व्हावे ही इच्छा आहेच, पण ते उन्हाळे-हिवाळे सोसून टिकावे ही त्याहून मोठी इच्छा आहे.

कानस

आपण भाग सोडवून त्यांच्या मागची अक्षरे वाचलीत, हे फार चांगले केलेत, कारण निम्मा निर्णय तेथेच होतो. उरलेला निम्मा निर्णय मात्र प्लॅस्टिक कोणते यावर नसून ती फट कशासाठी आहे यावर अवलंबून असतो. आपल्या चार जागांपैकी तिसरी जागा ही जखम नाही. तो मुद्दाम ठेवलेला सांधा आहे. बाकीच्या तीन जखमा आहेत. जखम भरायची असते, सांधा भरायचा नसतो, असा माझा साधा नियम आहे.

हे केवळ तत्त्व म्हणून सांगत नाही. एबीएस, म्हणजे आपल्या कॉन्सोलचे ते कडक प्लॅस्टिक, प्रत्येक अंश सेल्सिअसला आपल्या लांबीच्या साधारण ८० दशलक्षांश एवढे वाढते. म्हणजे एक मीटर लांबीचा भाग ५० अंशांच्या फरकाने सुमारे ४ मिलिमीटर वाढतो. त्याच्या मागची पोलादी चौकट तेवढ्याच फरकाने ०.६ मिलिमीटरच्या आसपास वाढते. उन्हात बंद उभ्या असलेल्या मोटारीच्या डॅशबोर्डचा पृष्ठभाग ७० अंशांच्या वर सहज जातो आणि थंडीच्या पहाटे तोच १० अंशांवर असतो, त्यामुळे हा ५० अंशांचा फरक काल्पनिक नाही. डॅशबोर्ड जेथे स्क्रूने धरलेला असतो तेथील काही भोके गोल नसून लांबट असतात, ती याच हालचालीसाठी. त्या सांध्यात काहीही कडक भरले तर वाढणाऱ्या प्लॅस्टिकला जागा उरत नाही. मग ते दुसरीकडे फुगते, क्लिप तोडते किंवा भरलेला पदार्थच कडेपासून सोडून देते.

आपला सांधा एकाच बाजूला रुंद आहे, यावरून मला वाटते की तेथे पदार्थ कमी नसून पकड कमी आहे. खांबाच्या आवरणामागच्या क्लिप आणि त्या ज्यात बसतात त्या प्लॅस्टिकच्या खुंट्या तपासा. एखादी खुंटी तुटली असेल किंवा क्लिपने दात सोडला असेल, तर आवरण दोन-तीन मिलिमीटर बाहेर येते आणि फट तयार होते. अशा वेळी नवी क्लिप हीच योग्य दुरुस्ती ठरते.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगतो. खांबाच्या आवरणामागे पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असू शकते. आवरणावर तशी खूण असेल तर ते आवरण गोंदाने, सिलिकॉनने किंवा स्क्रूने कधीही पक्के करू नका आणि क्लिपच्या जागी दुसऱ्या जातीची क्लिपही लावू नका, कारण त्या क्लिप ठरावीक रीतीने सुटण्यासाठी आणि तरीही आवरण अंगावर उडू नये म्हणून घडवलेल्या असतात. अशा जागी हात घालण्यापूर्वी बॅटरीची तार काढून, गाडीच्या माहितीपुस्तकात सांगितलेला वेळ थांबणे आवश्यक आहे.

रसायनी

वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत आहे. मी प्लॅस्टिकच्या जातीविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण इपॉक्सीचा बेत तेथेच अडतो.

डोअर पॅडवरील अक्षरांचा अर्थ असा की मूळ पदार्थ पॉलिप्रॉपिलिन आहे, त्यात लवचीकपणासाठी ईपीडीएम रबर मिसळले आहे आणि २० टक्के टाल्कची भुकटी घातलेली आहे. पॉलिप्रॉपिलिनची पृष्ठऊर्जा, म्हणजे द्रवाला आपल्यावर पसरवून घेण्याची पृष्ठभागाची ओढ, ३० मिलिन्यूटन प्रति मीटरच्या आसपास असते, एबीएसची ४० च्या आसपास. द्रवरूप इपॉक्सीचा पृष्ठताण ४० च्या थोडा वरच असतो. त्यामुळे ते एबीएसवर बऱ्यापैकी पसरते, पण पॉलिप्रॉपिलिनवर आक्रसून राहते आणि वाळल्यावर नखाने उचलले तरी आख्खे सुटून येते. पृष्ठभाग कितीही खरवडला तरी हे मूळ कारण दूर होत नाही. खरवडल्याने पकडीला जागा मिळते, पण मुळात न भिजलेल्या पृष्ठभागाला पकड कसली?

पॉलिप्रॉपिलिनवर काही चिकटवायचेच असेल तर आधी क्लोरिनयुक्त पॉलिओलेफिनचा प्रायमर लागतो, ज्याला बाजारात ‘ॲडहीजन प्रमोटर’ म्हणतात. त्याचा अगदी पातळ थर द्यायचा असतो. जाड थर दिला तर तो स्वतःच मधला कच्चा दुवा होतो. दुसरा मार्ग ज्योतीचा आहे. निळ्या ज्योतीचे टोक पृष्ठभागावरून झरझर फिरवले की वरचा थर ऑक्सिडाइझ होतो आणि पाण्याचा थेंब त्यावर गोळा होऊन न राहता पसरतो. हा परिणाम काळानुसार ओसरतो, म्हणून लगेच पुढचे काम करावे लागते. ज्यांचा हात बसलेला नाही त्यांनी हा प्रयोग निकामी तुकड्यावरच करावा.

अक्षरे नसतील तेव्हा प्लॅस्टिक कसे ओळखावे, हा प्रश्न नेहमी येतो. पाण्यात टाकून पाहा, तरंगले तर पॉलिप्रॉपिलिन, असे सर्रास सांगितले जाते. शुद्ध पॉलिप्रॉपिलिनची घनता ०.९ असल्यामुळे ते तरंगते हे खरे. परंतु २० टक्के टाल्क घातले की घनता १.०४ च्या पुढे जाते आणि एबीएससुद्धा १.०४ ते १.०६ या पट्ट्यातच असते. म्हणजे मोटारीच्या आतील भागांसाठी ही कसोटी जवळपास निरुपयोगी आहे. त्यापेक्षा मागच्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी, ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा दाबून पाहावा. एबीएस काही क्षणांत चिकट होते आणि कापसाचे तंतू त्याला धरतात. पॉलिप्रॉपिलिनवर काहीच होत नाही.

ही कसोटी घेताना एक पथ्य पाळावे. ‘पीसी’ आणि ‘एबीएस’ अशी दोन्ही अक्षरे एकत्र असलेल्या मिश्र प्लॅस्टिकवर ॲसिटोन नको. त्यातील पॉलिकार्बोनेट ताणाखाली असेल, विशेषतः स्क्रूच्या खुंटीभोवती, तर ॲसिटोनमुळे त्यात केसासारख्या असंख्य चिरा पडतात आणि त्या परत भरून येत नाहीत.

चौकट

चर्चा उपयुक्त आहे, पण घरच्या घरी काम करणाऱ्याला इतके साहित्य जमवणे कठीण जाते. कॉन्सोलच्या भोकासाठी सुपरग्लू आणि खाण्याचा सोडा ही जोडी पुरेशी होईल असे मला वाटते. भोकात सोडा भरायचा, वरून सुपरग्लूचे थेंब सोडायचे, क्षणात दगडासारखे कडक होते आणि लगेच घासताही येते. मी तुटलेल्या खुंट्यांची मुळे या रीतीने भक्कम केली आहेत आणि त्या टिकून आहेत. यात चूक काय आहे, ते समजून घ्यायला आवडेल.

कानस

चूक काही नाही. जागा चुकीची आहे. आपण खुंटीच्या मुळाशी ते वापरलेत, तेथे ते योग्यच आहे. सोडा अल्कधर्मी असल्यामुळे सुपरग्लूचे बहुलकीकरण, म्हणजे घट्ट होण्याची क्रिया, एकदम होते, भरपूर उष्णता निघते आणि डोळ्यांना झोंबणारी वाफही येते, म्हणून एका वेळी थोडेच थेंब सोडावेत. तयार होणारा गोळा कडक असतो, दाब चांगला सोसतो, पण वाकणे सोसत नाही.

दर्शनी पृष्ठभागावर त्याची अडचण वेगळी आहे. तो गोळा भोवतालच्या एबीएसपेक्षा कठीण असतो, त्यामुळे पॉलिश पेपर फिरवला की मऊ प्लॅस्टिक आधी झिजते, गोळा उंच राहतो आणि त्याच्याभोवती उथळ खळगा तयार होतो. हाताला तो फारसा जाणवत नाही, पण रंग दिल्यावर तिरप्या उजेडात स्पष्ट दिसतो. शिवाय सुपरग्लूच्या वाफेने आजूबाजूच्या काळ्या प्लॅस्टिकवर पांढुरकी साय धरते. आणि सामान्य सुपरग्लूची उष्णता सोसण्याची मर्यादा ८० अंशांच्या आसपास असते. कॉन्सोलला ती कदाचित पुरेल, पण काचेखालच्या भागात ती अगदी काठावरची आहे.

रसायनी

उष्णतेचा मुद्दा निघालाच आहे तर तो पूर्ण करते, कारण साहित्य निवडताना लोक ताकद पाहतात आणि तापमान पाहत नाहीत. वेष्टनावर लिहिलेली ताकद खोलीच्या तापमानाला मोजलेली असते. पाच मिनिटांत घट्ट होणारे इपॉक्सी सामान्यतः ५०-६० अंशांच्या पुढे मऊ पडू लागते. सावकाश घट्ट होणारे इपॉक्सी त्याहून बरे. हॉट ग्लू गन आतील भागांसाठी फार वापरली जाते, पण तिच्या कांड्या ७०-८० अंशांना ढिल्या पडतात; म्हणजे डॅशबोर्डवर ती हिवाळ्यापुरतीच दुरुस्ती होय. गरम पाण्यात मऊ होणारे आणि हाताने घडवता येणारे प्लॅस्टिकचे मणी मिळतात, ते पॉलिकॅप्रोलॅक्टोनचे असतात आणि ६० अंशांना वितळतात. मोटारीत त्यांना जागाच नाही.

हाच नियम त्रिमितीय छपाई करून ठिगळ बनवणाऱ्यांनाही लागू आहे. छपाईच्या प्लॅस्टिकांपैकी पीएलएचा तुकडा ६० अंशांच्या आसपास मऊ होऊन वाकतो, पीईटीजी ८० पर्यंत तग धरते, तर एबीएस किंवा एएसए १०० अंशांच्या जवळपास जाते. भोक मोठे आणि आकार चमत्कारिक असेल तर एबीएसमध्ये छापलेला तुकडा हा फार सुंदर उपाय आहे, कारण तो एबीएसच्या भागाला त्याच्याच जातीच्या लगद्याने जोडता येतो.

धागालेखक

सर्वांचे मनापासून आभार. खांबाचे आवरण आज सोडवले. त्यावर एअरबॅगची खूण नाही. मागच्या तीन क्लिपांपैकी मधल्या क्लिपची खुंटी मुळापासून तुटलेली निघाली, आणि तुटलेला तुकडा आवरणाच्या आतच अडकून पडला होता. करकरीचा उगमही सापडला: आवरणाची कड डॅशबोर्डला जेथे घासते तेथे बोटभर लांबीचा पट्टा गुळगुळीत होऊन चकाकत आहे, बाकी सर्व पृष्ठभागावर मात्र मूळचे बारीक दाणे शाबूत आहेत.

आता कॉन्सोलच्या भोकासाठी नेमकी पद्धत सांगावी. ‘त्याच्याच जातीचा लगदा’ म्हणजे काय, आणि बॉडी फिलर का नको?

कानस

बॉडी फिलर अगदीच वर्ज्य नाही. तो पॉलिस्टरचा असतो, त्यात वजनाने साधारण २ टक्के हार्डनर घालतात, आणि कडक, न वाकणाऱ्या एबीएसवर, मागून आधार दिलेला असेल तर पातळ थरात तो बसतो. पण पत्र्याचा साधा फिलर ठिसूळ असतो. कॉन्सोलवर गुडघा टेकतो, हात आदळतो, आणि दरवेळी प्लॅस्टिक किंचित वाकते. आधार नसलेल्या भोकात नुसता फिलर भरला तर तो एक दिवस आख्खी चकती होऊन खाली पडतो. प्लॅस्टिकसाठी बनवलेला लवचीक फिलर मिळतो, तो शेवटच्या पातळ थराला वापरावा. हार्डनर जास्त घातल्याने फिलर मजबूत होत नाही, उलट पुढे रंगावर डाग उमटतात.

लगदा म्हणजे एबीएसचा कीस ॲसिटोनमध्ये विरघळवून केलेले द्रावण. कीस त्याच भागाच्या मागच्या बाजूच्या निरुपयोगी कडेचा किंवा तीच अक्षरे असलेल्या टाकाऊ भागाचा घ्यावा. धातूचे झाकण असलेल्या काचेच्या बाटलीत तो रात्रभर ठेवला की मधासारखा दाट होतो. हा लगदा एबीएसवर लावला की ॲसिटोन खालचा पृष्ठभागही विरघळवते आणि ॲसिटोन उडून गेल्यावर दोन्ही एकजीव होतात. गोंदाचा वेगळा थर मध्ये राहत नाही. हे या पद्धतीचे मोठेपण आहे.

मात्र लगद्याने भोक भरायचे नसते. ॲसिटोन उडाले की लगदा आकसतो. जाड भरला तर वरून साय धरते आणि आत ओलावा अडकतो, आणि आज सपाट दिसणारी जागा महिन्याभरात खोल जाते. म्हणून आधी एबीएसच्याच पत्र्यातून भोकाच्या मापाची चकती कापावी. भोकाची कड आणि चकतीची कड अशा दोन्ही कानशीने तिरप्या कराव्यात, म्हणजे दोन्ही मिळून इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच तयार होईल. भोकाभोवतीच्या चिरेच्या अगदी शेवटी दोन मिलिमीटरचे छिद्र पाडावे, नाहीतर दुरुस्तीनंतरही चीर पुढे सरकत राहते. मागून भोकापेक्षा चांगला मोठा एबीएसचा तुकडा लगद्याने चिकटवावा, पुढून चकती बसवावी, आणि फक्त भोवतालच्या खाचेत लगदा भरावा. एका वेळी मिलिमीटरभरच, आणि दोन थरांमध्ये किमान एक दिवस. शेवटी तो किंचित उंच ठेवून पूर्ण सुकल्यावर घासावा: आधी १८० नंबर, मग ३२०, मग ६००.

या सर्वांच्या आधी एक काम आहे, आणि त्याचा क्रम महत्त्वाचा आहे. जुन्या गाडीच्या आतील भागांवर वर्षानुवर्षे सिलिकॉनयुक्त पॉलिश चोळलेले असते. ते मेण-तेल काढणाऱ्या द्रावणाने आधी पुसून काढावे आणि मगच पॉलिश पेपर हाती घ्यावा. आधी घासले तर ते सिलिकॉन ओरखड्यांच्या तळाशी दाबले जाते आणि मग कितीही पुसले तरी रंगात माशाच्या डोळ्यांसारखे खळगे पडतात. सांध्यात सिलिकॉन भरण्याला माझा विरोध आहे तो याच कारणाने. त्यावर रंग बसत नाही, ते काढले तरी त्याचा अंश राहतो, आणि पुढच्या प्रत्येक दुरुस्तीच्या वाटेत तो येतो. सिलिकॉनचा जो प्रकार सुकताना व्हिनेगरसारखा वास देतो तो जवळच्या धातूला गंजवतो, हे आणखी वेगळे.

खिडकीपाशी

डोअर पॅडच्या कप्प्याबद्दल कोणी सविस्तर लिहिले नाही, म्हणून लिहितो. पॉलिप्रॉपिलिनचा तडा, तोही दाबल्यावर उघडणारा, चिकटवण्यापेक्षा वितळवून जोडावा असे माझे ठाम मत आहे. रसायनी यांनी सांगितलेला प्रायमर रंगासाठी उत्तम, पण सतत वाकणाऱ्या कोपऱ्यावर मी त्यावर विसंबणार नाही.

पॉलिप्रॉपिलिन १६०-१६५ अंशांना वितळते. जोडकामाची पट्टी त्याच जातीची हवी. एबीएसची पट्टी पॉलिप्रॉपिलिनवर वितळेल, चिकटल्यासारखी दिसेल आणि थंड झाल्यावर निघून येईल. तीच अक्षरे असलेल्या टाकाऊ पॅडमधून बारीक पट्ट्या कापल्या तर टाल्कचे प्रमाणही जुळते. प्रथम तड्याच्या दोन्ही कडा पुढच्या बाजूने तंतोतंत जुळवून ॲल्युमिनिअमच्या चिकटपट्टीने धराव्यात. मग मागच्या बाजूने, ठरावीक अंतरावर, सोल्डरिंग आयर्नच्या चपट्या टोकाने ठिकठिकाणी टाके घालावेत. हे टाके वगळू नयेत, कारण पॉलिप्रॉपिलिन थंड होताना बरेच आकसते आणि एका टोकापासून सलग वितळवत गेल्यास दुसऱ्या टोकाला कडा एकमेकींवर चढतात. टाक्यांनंतर मागून जाडीच्या निम्म्याहून थोडी अधिक खोल खाच करून पट्टी वितळवत भरावी. कोपऱ्यावर स्टेनलेस पोलादाच्या जाळीचा तुकडा वितळलेल्या प्लॅस्टिकमध्ये दाबून गाडला तर पुन्हा तडा जाण्याची शक्यता फार कमी होते. धूर दिसू लागला तर टोक फार तापले आहे असे समजावे. जळलेले प्लॅस्टिक जोड धरत नाही.

पुढून शक्य तितके कमी काम करावे. पॉलिप्रॉपिलिन पॉलिश पेपरने घासले की त्याचे तंतू उठतात आणि पृष्ठभाग लोकरीसारखा दिसतो. धारदार पात्याने खरवडून सपाट करणे त्यापेक्षा चांगले. पुढे बारीक रेष राहिली तरी चालेल; कप्प्याच्या कोपऱ्यात ती कोणाला दिसत नाही, आणि ती लपवण्यासाठी भरलेली लांबी मात्र पुढे निघून आली की सर्वांना दिसते.

चौकट

सुपरग्लूच्या प्रश्नाचे उत्तर पटले. आता करकरीविषयी विचारतो. क्लिप नवी बसवल्यावरही दोन प्लॅस्टिक एकमेकांना टेकणारच. मग मध्ये फोमची पट्टी घालावी का? पॅकिंगचा स्पंज सहज मिळतो.

कानस

पॅकिंगचा स्पंज घालू नका. तो उघड्या छिद्रांचा पॉलियुरेथेनचा असतो, उष्णता आणि दमटपणाने काही वर्षांत त्याची भुकटी होते आणि ती भुकटी वातानुकूलनाच्या झोताबरोबर गाडीभर फिरते. ज्वलनशीलतेचाही विचार करायला हवा: गाडीच्या आतील साहित्य किती वेगाने जळते यावर मर्यादा आहेत. अमेरिकेच्या एफएमव्हीएसएस ३०२ या मानकात ती मिनिटाला १०२ मिलिमीटर आहे, आणि पॅकिंगचा स्पंज या कसोटीचा विचार करून बनवलेलाच नसतो. डब्यातून फवारायचा फुगणारा फोम तर आतील भागांत मुळीच वापरू नये. तो फुगताना पॅनल बाहेर ढकलतो, तारा गिळून टाकतो आणि नंतर काढायचा म्हटले तर खरवडण्याशिवाय मार्ग राहत नाही.

करकर होते ती दोन पृष्ठभाग क्षणभर चिकटून मग सुटतात म्हणून. तेथे फट बुजवायची नसते, घर्षण बदलायचे असते. पॉलिएस्टरच्या लवीची पातळ कापडी चिकटपट्टी, तारांच्या जुडग्यांना गुंडाळतात त्या जातीची, घासणाऱ्या दोन कडांपैकी एका कडेला आतून लावावी. धागालेखकांना दिसलेला चकाकणारा पट्टा हीच तिची नेमकी जागा. जेथे फट खरोखर रुंद आहे आणि दोन भाग एकमेकांवर आपटून खडखडतात, तेथे बंद छिद्रांचा ईपीडीएमचा फोम घ्यावा आणि तो साधारण तिसरा हिस्सा दबेल एवढ्या जाडीचा निवडावा. पूर्ण दबलेला फोम फोम राहत नाही, तो पाचर होतो. चिकटपट्टीचा गोंद ॲक्रिलिक जातीचा असावा. रबरी गोंद उन्हाने पातळ होऊन ओघळतो.

धागालेखक

आता एकच जागा उरली: डॅशबोर्डवरील मऊ आवरणाची भेग. तेथे लवचीक फिलर भरून, दाणेदार पोत उठवून, रंग द्यावा का?

रसायनी

या बाबतीत मी थोडी सावध भूमिका घेईन. ते आवरण बहुधा पीव्हीसीचे आहे, त्याखाली पॉलियुरेथेनचा फोम आणि त्याखाली कडक सांगाडा. पीव्हीसीला मऊ ठेवणारे प्लास्टिसायझर उन्हाने हळूहळू उडून जातात. काचेच्या आतून जो तेलकट धुरकट थर पुसावा लागतो त्यात त्यांचाही वाटा असतो. ते गेल्यावर आवरण आकसते आणि शेवटी फाटते. आपल्या भेगेच्या कडा वर वळल्या आहेत, याचा अर्थ आवरण अजूनही ताणलेले आहे. भेग भरली तरी तो ताण जात नाही, आणि पुढची भेग बहुधा भरलेल्या जागेच्या शेजारीच पडते.

तरीही करायचे असेल तर वळलेल्या कडा पात्याने कापून सपाट कराव्यात, खालचा फोम थोडा कोरावा आणि दोन भागांचा लवचीक पॉलियुरेथेन फिलर भरावा. येथे कडक इपॉक्सी किंवा पॉलिस्टर फिलर टिकणार नाही. पोतासाठी डॅशबोर्डच्या चांगल्या जागेवर दोन भागांची सिलिकॉन पुट्टी दाबून साचा घ्यावा, आणि फिलर घट्ट होण्याच्या बेतात असताना, मध्ये न चिकटणारा पदार्थ लावून, तो साचा त्यावर दाबावा. साच्याची कड उमटू नये म्हणून तो भेगेपेक्षा मोठा घ्यावा. रंग देताना छटेपेक्षा चकाकीकडे अधिक लक्ष द्यावे, कारण काळ्या रंगातील फरक डोळा माफ करतो, पण निस्तेज पृष्ठभागावरील चकाकता पट्टा लांबून दिसतो.

प्रवाशाच्या बाजूला भेग असेल तर मात्र हे काही करू नये. तेथे एअरबॅगचे झाकण आवरणाखाली लपलेले असू शकते आणि ते फाटण्यासाठी आतून मुद्दाम पातळ केलेली रेषा वरून दिसत नाही. तिच्यावर भरलेला कोणताही थर झाकण उघडण्याची रीत बदलतो. तेथील भेगेला उपाय एकच: भाग बदलणे.

आणि सर्वच कामांसाठी: पॉलियुरेथेनच्या फिलरमध्ये आयसोसायनेट असते, पॉलिस्टरमध्ये स्टायरिन. भाग गाडीबाहेर काढून मोकळ्या हवेत, योग्य गाळणीचा मुखवटा लावून काम करावे आणि वास पूर्ण जाईपर्यंत भाग परत बसवू नयेत. बंद मोटारीत उन्हाने तापल्यावर तोच वास पुन्हा बाहेर पडतो आणि आपण तो तासन्‌तास श्वासात घेतो.

धागालेखक

भेग चालकाच्या बाजूला, वेगदर्शकाच्या छपराच्या मागे आहे. तिला तूर्त हात लावत नाही. जुन्या गाडीतून निघालेला चांगला डॅशबोर्ड मिळतो का ते पाहीन. कॉन्सोलला चकती आणि लगदा, कप्प्याला मागून वितळजोड, खांबाच्या आवरणाला नवी क्लिप आणि लवीची पट्टी, असे ठरवले आहे. तुटलेली खुंटी बसवण्याविषयी एक शेवटचा प्रश्न: आवरणावर फक्त ‘पीसी’ अधिक ‘एबीएस’ असे लिहिले आहे. म्हणजे लगदा चालणार नाही. मग काय वापरावे, आणि ते टिकेल की नाही हे बसवण्यापूर्वी कसे कळेल?

कानस

तेथे दोन भागांचा मिथाइल मेथाक्रिलेटचा गोंद वापरावा. त्याला उग्र वास असतो, पण या मिश्र प्लॅस्टिकवर तो घट्ट धरतो आणि इपॉक्सीपेक्षा धक्का चांगला सोसतो. खुंटी तिच्याच तुटलेल्या रेषेवर बसवा, क्लिप त्यात अडकवून दिशा तपासा, आणि मग मुळाभोवती गोंदाचा उतरता काठ द्या. क्लिप बहुधा ॲसिटल किंवा नायलॉनची असेल. ॲसिटलला गोंद धरत नाही, तरीही क्लिपवर गोंद जाऊ देऊ नका, नाहीतर पुढच्या वेळी आवरण काढताना खुंटी पुन्हा तुटेल.

चाचणीसाठी आवरणाच्या मागच्या रिकाम्या जागी त्याच गोंदाचा नाण्याएवढा ठिपका द्या. पूर्ण घट्ट झाल्यावर आवरण न बसवता तसेच उन्हातल्या बंद गाडीत डॅशबोर्डवर ठेवा आणि काही दिवस तेथेच राहू द्या, म्हणजे दिवसाची उष्णता आणि रात्रीचा गारवा दोन्ही त्याला लागतील. नंतर दुपारी, भाग गरम असतानाच, ठिपक्याच्या कडेखाली बोथट पाते घालून उचलून पाहा. ठिपका स्वच्छ निघून आला तर पृष्ठभागाची तयारी कमी पडली आहे, म्हणून पुन्हा पुसून आणि खरवडून लावा. तो तुटून निम्मा प्लॅस्टिकवरच राहिला, किंवा निघताना प्लॅस्टिकचाच पापुद्रा घेऊन आला, तर खुंटी बसवायला हरकत नाही.